पिवळ्या आईबापांचं काळं पिल्लू

ताई, नमस्कार.

मी नेरुळला राहते, वय 61. बँकेतली नोकरी संपल्यापासून यजमान आणि मी आमच्या लॅबला (लॅब्रेडॉर कुत्रीला), बर्फीला, डॉग शोला घेऊन जातो. बक्षीस फारसं मिळत नाही, पण ते जग मला आवडलं आणि त्यावर रहस्यकथा लिहायला घेतली. रक्तबंबाळ नाही हं. इंग्रजीत 'कोझी' म्हणतात तसली, दुपारच्या चहाबरोबर वाचावी अशी. सीवूड्सच्या मैदानावर शो चालू असतो आणि पॉमेरेनियनवाली एक ब्रीडर बाई, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारी, भर रिंगमध्ये कोसळते. कुत्र्याचं लक्ष राहावं म्हणून ती उकडलेल्या लिव्हरचा तुकडा तोंडात धरायची, त्यात विष असतं. शोध लावते एक निवृत्त बँकवाली (हसू नका). चाळीस पानं झाली आणि गाडी अडली. मुलगा म्हणतो, "आई, डॉग शो हे साहेबांचं खूळ, मराठीत कोण वाचणार?" पोलीस माझ्या बाईला तिथं फिरकू का देतील, हे मलाच पटत नाही. त्यात सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये मी पहिलं प्रकरण वाचून दाखवलं, तर एक मैत्रीण, तीही पॉम पाळते, उठून निघून गेली. "मला मारलंस तू," म्हणाली. दोन महिने झाले, बोलत नाही. एवढं मनाला का लावून घ्यावं तिनं? सगळं फाडून टाकू का?

– बर्फीची आई

बर्फीच्या आई,

फाडायचं काही नाही. चाळीस पानांतली निम्मी मी ठाणे-नेरुळ लोकलमध्ये वाचली आणि उरलेली घरी, आमटी करपेपर्यंत. आता पोलिसांच्याही आधी मला पडलेला प्रश्न सांगते. पॉमेरेनियनचं काय झालं?

बाई रिंगमध्ये उभी आहे, गालात लिव्हरचा तुकडा आहे. तुम्हीच लिहिलंय की ती त्यातला कण दातांनी तोडून कुत्र्यापुढे धरते आणि उरलेला पुन्हा गालात सरकवते. काही हँडलर (रिंगमध्ये कुत्रा फिरवणारे) असंच करतात, मीही पाहिलंय. मग जे विष बाईच्या पोटात गेलं, ते त्याच पाच मिनिटांत कुत्र्याच्याही पोटात गेलं. साठ किलोची बाई जागच्या जागी जाते आणि तीन किलोचं पॉम पान 12 वर टेबलाखाली शेपूट हलवत बसलेलं असतं. तुम्हाला त्याला मारवेना, हे उघड आहे. ते योग्यच. या जातीच्या कथेत माणसं खुशाल मरावीत, पण कुत्रा मेला की वाचक पुस्तक मिटतो आणि पुन्हा उघडत नाही. पण कुत्रा वाचला तर का वाचला, याचं उत्तर लेखिकेकडे हवं. 'मला त्याची दया आली' हे उत्तर चालत नाही. निदान लेखिकेचं म्हणून चालत नाही. खुन्याचं म्हणून चालेल का, ते पुढे बघू.

विषाचं घड्याळ किती कडक असतं, त्याचा खरा दाखला याच जगात आहे. क्रफ्ट्स हा शो 1891 मध्ये लंडनला सुरू झाला, आता तो बर्मिंगहॅमला भरतो. मार्च 2015 मध्ये तिथून बेल्जियमला परतलेला एक आयरिश सेटर दुसऱ्या दिवशी घरी मेला. पोटात विष घातलेलं मांस निघालं. झालं, वर्तमानपत्रांनी शोमधल्या प्रतिस्पर्ध्यांकडे बोट दाखवलं. कुत्रा आपल्या वर्गात दुसरा आला होता, म्हणजे दुसऱ्या नंबरवाल्याचा काटा कुणी कशाला काढेल, असं फारसं कुणी विचारलं नाही. मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. कीटकनाशक होतं, झपाट्यानं काम करणारं, पोटात गेल्यावर काही तासांतच लक्षणं दिसणारं. कुत्रा तर शो संपल्यावर एक दिवस ठणठणीत होता. म्हणजे जे काही खाल्लं ते बेल्जियमला पोचल्यावरच. हजारो संशयित एका घड्याळानं सुटले.

तुमच्या कथेत असं घड्याळ चालवायचं तर व्हिसेरा कलिन्याच्या प्रयोगशाळेत जाणार, अहवाल यायला वेळ लागणार, आणि तोवर तुमची बँकवाली काय करणार, लोणचं घालणार? विष सोडून द्या. विषाच्या कथेत शेवटी प्रयोगशाळाच जिंकते, आणि तुमच्या बाईला रसायनशास्त्र येत नाही. तिला खातेवह्या येतात.

त्याऐवजी मैदानावर काय पडलंय ते बघा. मी भाच्याच्या बीगलबरोबर एकदा गेले होते, नवी मुंबईतल्याच एका मैदानावर, थंडीत, सकाळी साडेसहाला. रिंगचं मला फारसं आठवत नाही. लक्षात राहिला तो मागचा शामियाना, जिथे कुत्र्यांना नटवतात. दवानं ओलं झालेलं गवत, त्यावर अंथरलेला लाल गालिचा, गालिच्यातून वर येणारं पाणी. जनरेटर धडधडतोय, त्यातून निघालेल्या वायरी काळ्या चिकटपट्टीनं जोडलेल्या, आणि एका एक्स्टेंशन बोर्डाला दवापासून वाचवायला दुधाची रिकामी पिशवी गुंडाळलेली. दहा-बारा ड्रायर एकदम घोंघावतायत. एक माणूस पांढऱ्या कुत्र्याच्या पायांना खडूची पूड चोळतोय, त्याची बोटं रांगोळी घातल्यासारखी. शेजारी स्टीलच्या डब्यात उकडलेलं चिकन, त्यावर घरची ताटली झाकलेली. मी भाच्याला म्हटलं, इथे कुणी शॉक लागून मेलं तर कुणी डोळे वर करणार नाही, सगळे मंडपवाल्याच्या नावानं बोटं मोडतील. तो म्हणाला, "मावशी, हळू बोल."

तर तुमचा खून इथे होऊ दे, रिंग सुरू व्हायच्या आधी. आणि ब्रीडर बाईला जिवंत ठेवा. मरू दे तिचा हँडलर. पडलाय ड्रायरजवळ, ड्रायर चालू, सगळे म्हणतायत शॉक. वायरिंगचं जास्त खोलात जाऊ नका, वाचकाला वायरमन करायचं नाहीये. वाचकाला एवढंच दाखवा की ड्रायर चालू आहे, टेबल रिकामं आहे, आणि कुत्री चार पावलांवर क्रेटमध्ये, म्हणजे तिच्या पिंजऱ्यात, आहे. ओली. क्रेटला बाहेरून कडी, आणि वर दुहेरी घडी घातलेला टॉवेल, थंडी वाजू नये म्हणून.

आता तुमच्या बँकवालीला विचारू दे: कुत्री क्रेटमध्ये, मग ड्रायर कुणाला वाळवत होता?

कुत्री टेबलावर असती तर हँडलरबरोबर तीही गेली असती. कुणीतरी "आण, मी धरते हिला, तू तो बोर्ड बघ" म्हणून तिला आधी उचललं. आणि गडबडीत, ज्या क्षणी कुणीही पळत सुटेल त्या क्षणी, टॉवेलची घडी घालून क्रेटवर टाकली. डॉग शोमधल्या खुनाची गंमतच ही आहे की तिथे सगळे संशयित कुत्र्यावर जीव टाकणारे असतात. माणसाचा जीव घेताना हात कापला नाही, पण ओली कुत्री कुडकुडेल हे सोसलं नाही. पॉमबद्दल तुम्हाला जी दया आली, ती अशी खुन्याला देऊन टाका.

हा धागा घेतलात तर पान 31 वरचं 'कुत्रं भुंकलं नाही म्हणजे खुनी ओळखीचा' हे काढावं लागेल. ती युक्ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. शिवाय शोमधलं कुत्रं तसंही सहसा कुणावर भुंकत नाही. येणारा-जाणारा जज त्याचे ओठ उचकून दात बघत असतो, नर असेल तर आणखी काय काय चाचपत असतो.

आता खुनाचं कारण. तुम्ही लिहिलंय हेवा, ट्रॉफी. ट्रॉफीसाठी कुणी कुणाला मारत नाही हो, ती माळ्यावर जाते. तुम्ही एकतीस वर्षं बँकेत काढलीत, पैसा कुठे आहे ते बघा. पैसा पिल्लांत आहे. आपल्याकडे कुत्रं घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "पेपर्स आहेत का?" चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंद झालेलं पिल्लू, त्यातून बाप चॅम्पियन, म्हणजे किंमत वेगळी. स्टडचा (पैदाशीच्या नराचा) मालक मेटिंगचे पैसे घेतो किंवा लिटरमधलं, म्हणजे त्या वेताच्या पिल्लांतलं, पहिल्या पसंतीचं पिल्लू उचलतो. सगळा डोलारा एका ओळीवर उभा: बाप अमुक. ती ओळ खोटी असेल तर?

इथे पॉम सोडून लॅब घ्या. (दुसरंही एक कारण आहे, शेवटी सांगते.) बर्फी पिवळी आहे, म्हणजे हे तुम्हाला कदाचित माहीत असेल. लॅबचे रंग तीन: काळा, पिवळा, चॉकलेटी. पिवळा रंग अप्रभावी जनुकाचा, म्हणजे तो आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच कुत्रा पिवळा दिसतो. म्हणून दोघंही पिवळे असले की पोरं पिवळीच. छटा दुधाळ असेल, गव्हाळ असेल, तांबूसही असेल. पण पिवळ्या आईबापांना काळं पिल्लू होत नाही.

आता खारघरच्या सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. केबिनबाहेर सुतळीला बांधलेलं चार महिन्यांचं काळंभोर लॅब, पंजे अंगाच्या मानानं मोठे, दुधाचे दात पडायला आलेत म्हणून खुर्चीचा पाय कुरतडतंय. तुमची बाई कुणाकडे तरी आलीय, सहीचं रजिस्टर पुढे आहे. "कुठून आणलं?" "मॅडमनी दिलं. फुकट. म्हणाल्या, कमजोर आहे, जगायचं नाही." कमजोर कसलं, रजिस्टरचा कोपरा खाल्लाय त्यानं. आणि मिळालं कधी? पाच आठवड्यांचं असताना. कुत्र्यांच्या पैदाशीच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडर लोक ते पाळोत न पाळोत, चांगल्या लॅबचं पिल्लू पाचव्या आठवड्यात फुकट कुणी देत नाही. पिल्लं बघायला गिऱ्हाईक घरी यायच्या आत ते दारातून बाहेर काढायचं होतं, म्हणून दिलं. वाचकाला एवढं सांगा आणि पुढे चला. त्याच पानावर वॉचमनला चहा आणा, लिफ्ट बंद पडू दे, म्हणजे धागा लपेल.

इथे एक खाच आहे, ती तुमच्या फायद्याची. मादी एका माजात दोन नरांकडून फळली तर एकाच लिटरमध्ये दोन बापांची पिल्लं असू शकतात. म्हणजे पकडली गेल्यावर ब्रीडर बाई म्हणू शकते, "शेजारचा काळा नर कुंपण ओलांडून आला, त्याचं ते एक. बाकीची सहा चॅम्पियनचीच." आणि हे शास्त्राला धरून आहे! तुमच्या बँकवालीचा चेहरा पडू दे. वाचकालाही वाटू दे, की संपलं.

मग तिनं कॅटलॉग उघडावा. शोच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक कुत्र्यापुढे जन्मतारीख, बाप, आई, ब्रीडर, मालक, सगळं छापलेलं असतं. मैदानावर निवाडा होईपर्यंत ते न बघायचं बंधन एकट्या जजवर. त्याच्यापुढे फक्त हँडलरच्या दंडावरचा नंबर. हे पान तुम्ही कथेत जसंच्या तसं छापा, दुसऱ्याच प्रकरणात, कुणाचं लक्ष जाणार नाही असं. समजा जन्मतारीख 4 ऑक्टोबर. कुत्रीचे दिवस साधारण 63. व्याज मोजल्यासारखं तिनं बोटांवर मागे मोजावं: 2 ऑगस्ट. चार-पाच दिवस इकडे-तिकडे धरा. आणि चॅम्पियन साहेब तेव्हा कुठे होते? भर पावसाळ्यात लेप्टो होऊन दवाखान्यात सलाईनवर, जुलैअखेरपासून स्वातंत्र्यदिनापर्यंत. त्याचं बिल स्टडच्या मालकानंच तिला अभिमानानं दाखवलेलं असू दे, पहिल्या भेटीत, 'एवढा खर्च केला हो पोरावर' म्हणून. म्हणजे सहा पिवळ्यांचाही बाप तो नव्हता. दुसराच कुणीतरी होता, बिनपेपरचा. एखादा चौकस वाचक 'कृत्रिम रेतन' म्हणून पत्र पाठवेल, तर मेटिंगच्या कागदावर 'नैसर्गिक' असं लिहिलेलं असू द्या.

काळं पिल्लू सगळ्यांसाठी, तारीख बोटांवर मोजणाऱ्यांसाठी. दोन्ही ठेवा. हँडलरला हे कळलं आणि तो पैसे मागायला लागला. मारलं ब्रीडरनं की स्टडवाल्यानं की तिसऱ्याच कुणी, ते मी सांगणार नाही. टॉवेलची घडी कोण कशी घालतं ते तुम्हीच ठरवा.

चिपबद्दल घाईघाईनं. पान 27 वर हरवलेली कुत्री चिपमुळे मोबाइलच्या नकाशावर दिसते. नाही दिसत. ती चिप तांदळाच्या दाण्याएवढी, तिला बॅटरी नसते, ती कुठे आहे हे सांगत नाही. खांद्यांच्या मध्ये कातडीखाली असते, स्कॅनर अगदी जवळ धरला की 15 आकडी नंबर देते, बस. पण तुम्ही आयुष्यभर खातेक्रमांक तपासलेत. कॅटलॉगमधली कुत्री आणि टेबलावरची कुत्री एकच आहे का, हे विचारायला तो नंबर पुरे.

आता पोलीस. तुम्ही फौजदाराला मूर्ख केलंय आणि तुमच्या बाईला त्याच्या पाठीमागून फितीखालून आत घुसवलंय. दोन्हीची गरज नाही. मैदानावर माणूस मेला, खून आहे असं दिसत नाही, तेव्हा आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पोलीस ज्याला एडीआर म्हणतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 194. आणि त्या पंचनाम्याला आसपासचे दोन तरी प्रतिष्ठित रहिवासी लागतात. पंच! पंच व्हायला कुणी तयार नसतं, कारण पुढे कोर्टाच्या तारखांना जावं लागतं. हवालदार गर्दीत हाका मारतोय, लोक मोबाइलमध्ये तोंड खुपसून मागे सरकतायत, आणि एक निवृत्त बँकवाली म्हणते, "मी येते. मला वेळ आहे." ती घुसलेली नाही, तिला बोलावलंय. तिच्यासमोर टेबल मोजलं गेलं, ड्रायर जप्त झाला, क्रेट लिहिली गेली. नव्या कायद्यात जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं, त्यात तो टॉवेल आलेला आहे. आणि सही करण्याआधी ती अख्खा पंचनामा वाचते, कारण न वाचता तिनं आयुष्यात कशावर सही केलेली नाही. "साहेब, कुत्री ओली होती हे लिहिलं नाहीत." हे वाक्य तुमच्या कथेचं पहिलं प्रकरण संपवेल. फक्त ती मृताची किंवा कुठल्या संशयिताची नातलग नको.

पुढे खून सिद्ध झाल्यावर कलम 302 लिहू नका, ते आता भारतीय न्याय संहितेचं 103 आहे. जुना हवालदार बोलताना 'तीनशेदोन' म्हणाला तर बिघडत नाही. आमच्या शेजारचे निवृत्त जमादार अजून तेच म्हणतात.

चेंबूरहून आलेल्या संशयिताला तुम्ही वाशी टोलनाक्यावरच्या फास्टॅगच्या नोंदीवरून पकडलंय. छान होतं, पण 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांना टोल माफ आहे. एकतर कथा त्याआधीची करा, नाहीतर तो धागा सोडा. ठाण्याच्या संशयिताला तर बहाणा शोधायचीही गरज नाही. "घोडबंदरला अडकलो होतो," एवढं म्हटलं की त्याच्यावर कुणीही विश्वास ठेवतं, मीसुद्धा.

मुलाला काय सांगायचं? डॉग शो साहेबांनी आणला, हे त्याचं बरोबर आहे. पण कुत्रा साहेबांनी आणला नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव आपले, खंडोबाचं कुत्रं आपलं, दत्ताच्या पायांशी चार आपले. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी जोपासलेल्या मुधोळ हाउंडचं टपाल तिकीट 2005 मध्ये निघालं. त्या बीगलच्या शोला मी एक माणूस पाहिला, सांगोल्याकडचा, डोक्याला मुंडासं, बरोबर कारवानी कुत्री, सडपातळ, वेताच्या छडीसारखी. आजूबाजूला फायली घेतलेली माणसं. कुणीतरी त्याला पेपर्स विचारले. तो म्हणाला, "तोंडपाठ हाय की." आणि सुरू झाला: हिची आय जतची, तिची आय आमच्या चुलत्याची, तिचा बाप मंगळवेढ्याच्या मेंढक्याचा. सहा पिढ्या मोजल्या त्यानं, कुत्रीच्या पाठीवर हात ठेवून. तुमच्या कथेत सगळे कागद खोटे निघतात. कागद नसलेल्या एका माणसाची साक्ष त्यात ठेवा. बँकवालीला तो आवडणार नाही सुरुवातीला. मग त्यानंच वॉचमनचं पिल्लू बघून बापाचं नाव सांगावं. असा माणूस असलेली कथा मराठीत कोण वाचणार, असं मुलाला पुन्हा विचारू द्या.

आता मैत्रीण.

मी तुमचं पहिलं प्रकरण दोनदा वाचलं. कथेतली बाई पॉम पाळते, पोपटी दुपट्टा घेते, प्रत्येकाला "बघ हं, मी सांगून ठेवते" म्हणते आणि लिव्हर गालात धरते. पत्रात तुम्ही विचारलंय की तिनं एवढं मनाला का लावून घ्यावं. यातलं तुम्ही बसल्या जागी रचलेलं किती, सांगा बरं? मला वाटतं नाव सोडून काहीच नाही. सकाळी सात वाजता, दहा बायकांसमोर, तिला तिचंच मरण वाचून दाखवलंत. आणि हसत असणार सगळ्या. लेखकांना हा मोह होतो, मलाही झालाय. माझ्या एका कथेतली खाष्ट नणंद वाचून खऱ्या नणंदेनं पाच दिवाळ्या फराळ पाठवला नाही.

त्यातून मी वर सुचवलेलं कारण, खोटे पेपर्स, चुकूनही त्या बाईला चिकटवू नका. नाव बदललं की सुटलो असं नसतं. वाचणाऱ्याला माणूस ओळखू येत असेल आणि आरोप खोटेपणाचा असेल, तर ती अब्रूनुकसानी होऊ शकते, भारतीय न्याय संहितेचं कलम 356. लॅब घ्या म्हटलं त्याचं दुसरं कारण हे. जात बदला, गाव बदला, ब्रीडर पुरुष करा, साठीचा, सफारी सूटमधला, बायकोला घाबरणारा.

आणि तिच्याकडे जा. फोन नको, ग्रुपवर 'सॉरी' आणि हात जोडलेलं चित्र तर नकोच. दुपारी चारला, बर्फीला घेऊन. "ती तूच होतीस, आणि सगळ्यांसमोर वाचायला नको होतं," एवढं दारातच म्हणा. "तसं नव्हतं गं माझ्या मनात" हे म्हणू नका, कारण तसंच होतं. मग गप्प बसा, ती बोलेल. बोलली नाही तर चहा तरी देईल. आठवड्यानं पुन्हा जा, या वेळी शामियान्याचं प्रकरण घेऊन, आणि तिला म्हणा, ओल्या कुत्रीला टेबलावरून कसं उचलतात, यात माझं काय चुकलंय ते सांग. तिला हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर गणपतीच्या आत हे सगळं उरकायला हवं, संपादक श्रावणातच पानं मोजायला बसतात.

फक्त तिच्यापुढे पानं ठेवण्याआधी त्यातून लिव्हर गालात धरायची सवय काढून टाका. ती तिची आहे. पोपटी दुपट्टाही.